फायरवॉलमध्ये बंद, बाहेरून उघडा

यूएफडब्ल्यू हे लिनक्सवरील फायरवॉल सांभाळणारे साधन. ‘यूएफडब्ल्यूमध्ये २२ (एसएसएच) आणि ४४३ (एचटीटीपीएस) वगळता सारे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याची क्रमांकित दारे, बंद केले की सर्व्हर सुरक्षित झाला’ हे मत साध्या सर्व्हरपुरते मला मान्य आहे. मात्र त्याच यंत्रावर डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणारे साधन) चालत असेल, तर ते टिकत नाही. कंटेनर सुरू करताना नुसते ६३७९:६३७९ (यंत्राचा पोर्ट:कंटेनरचा पोर्ट) असे लिहिले, की डॉकर तो पोर्ट ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर उघडतो आणि आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेट-नियमांच्या तक्त्यांत) स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे बाहेरून आलेले पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांना न भेटताच कंटेनरकडे वळवले जाते.

माझ्या एका चाचणी सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ६३७९ ला मनाई असल्याचे सांगत होते आणि दुसऱ्या नेटवर्कवरून चालवलेला एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारे साधन) तोच पोर्ट उघडा दाखवत होता. आत रेडिस हा डेटाबेस, तोही बिनपासवर्डचा. (रेडिसच्या ३.२ आवृत्तीपासून आलेला प्रोटेक्टेड मोड, म्हणजे पासवर्ड नसताना बाहेरच्या जोडण्या नाकारणारी सोय, त्याच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून बनतो त्या तयार साच्यात) बंद ठेवलेला असतो, हे मला तेव्हा कळले.) १२७.०.०.१:६३७९:६३७९ असा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच यंत्रापुरता उघडणारा, बदल केल्यावर एनमॅपला तो दिसेनासा झाला. कंटेनरांना केवळ आपसांत बोलायचे असेल, तर त्यांना एकाच डॉकर नेटवर्कमध्ये ठेवणे पुरते. पोर्ट बाहेर काढण्याची मुळात गरजच नसते.