सतरा वर्षांच्या मांजरीला दयामरण देण्याची वेळ कशी ओळखावी?

अबोली:

आमची चिंगी सतरा वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षे तिला मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे. ताज्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करीत नसली की रक्तात वाढणारे द्रव्य) ५.८ आले, म्हणजे आजार चौथ्या, अर्थात शेवटच्या टप्प्यात पोहोचला आहे. एके काळी ४.२ किलो असलेले तिचे वजन आता २.६ किलो आहे आणि पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागतात. एक दिवसाआड आम्ही घरीच तिच्या कातडीखाली सलाईन देतो. भूक वाढवणारे औषध दिले की ती थोडे खाते, न दिल्यास ताटलीपाशी जाते, वास घेते आणि तोंड फिरवते.

आमच्या डॉक्टरांनी फार हळुवारपणे सांगितले की आता विचार करायला हवा, पण दिवस ठरवणे त्यांनी आमच्यावर सोडले आहे. माझी अडचण अशी की ती अजूनही मांडीवर घेतले की घुरघुरते, आणि कोळीण यायची वेळ झाली की दारापाशी जाऊन बसते. असे काही दिसले की एवढा जीव शिल्लक असताना आपण हे काय ठरवत आहोत असे वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र ती न्हाणीघराच्या गार फरशीवर दिवसभर पाय पोटाशी घेऊन बसून राहते.

घरात माझी ७८ वर्षांची आई आहे आणि चिंगी खरे तर तिचीच आहे. एकनाथ महाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात कावडीतले पाणी घातले, त्याला मारले नाही, असे ती म्हणते. सेवा करावी आणि जीव ज्याचा त्याने न्यावा, हे तिचे मत आहे. तिला दुखवून मला काही करायचे नाही. वेळ आली आहे हे नेमके कशावरून ओळखावे, आणि घरातील माणसे एकमताची नसतील तर काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

परळकर:

अबोलीताई, मी निवृत्त पशुवैद्य आहे. तपासल्याशिवाय तुमच्या मांजरीबद्दल निर्णय देता येणार नाही, परंतु विचार कोणत्या क्रमाने करावा हे सांगू शकतो.

सर्वप्रथम, जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते दुरुस्त झाले आहे का, हे पाहा. मूत्रपिंडाच्या विकारात मांजर खात नाही त्याचे कारण पुष्कळदा भूक नसणे हे नसून मळमळ हे असते. ताटलीपाशी जाऊन वास घेणे आणि तोंड फिरवणे, ओठ चाटत राहणे, लाळ गाळणे ही मळमळीची लक्षणे आहेत. अशा मांजरीला केवळ भूक वाढवणारे औषध देऊन भागत नाही, मळमळ थांबवणारे औषधही द्यावे लागते. रक्तातील पोटॅशियम कमी झाले तर मांजर मान खाली टाकून बसते आणि अंगातली ताकद जाते, पण ते औषधाने भरून काढता येते. रक्तदाब वाढला तर मांजराला अचानक दिसेनासे होऊ शकते, म्हणून तो मोजून घ्या. शरीर कोरडे पडल्यामुळे बद्धकोष्ठता होते आणि ती स्वतःच उलटीचे व न खाण्याचे कारण ठरते. तोंडात व्रण आहेत का तेही पाहायला सांगा. क्रिएटिनिनच्या एका आकड्यावर तर निर्णय कधीच घेऊ नका, कारण शरीरात पाणी कमी असताना काढलेल्या रक्तात तो आकडा प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसतो.

हे सारे करूनही ती खाली खालीच जात असेल, तर मग तिच्या दिवसांकडे पाहावे लागते. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक पट्टी तयार केली आहे. वेदना, खाणे, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर उपचार व सेवा चालू ठेवण्यास हरकत नाही, असे ती सांगते. पट्टी म्हणजे न्यायनिवाडा नव्हे, परंतु आठवड्यातून एकदा ती भरली की रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे न जाणवणारी घसरण कागदावर उमटते. वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्याकडेही पाहा. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात कानांची ठेवण, किलकिले झालेले डोळे, ताणलेले नाकाड, मिशांची दिशा आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली, एवढ्या पाच गोष्टी पाहतात. पाय पोटाशी घेऊन, डोके खाली घालून, डोळे अर्धे मिटून तासन्‌तास बसणे याला आपण विश्रांती समजतो, पण आजारी मांजरात ते बहुधा त्रासाचे लक्षण असते.

घुरघुरण्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण याच एका गोष्टीपायी अनेक मांजरे नको तेवढी खितपत पडलेली मी पाहिली आहेत. मांजर सुखात घुरघुरते तसेच वेदनेत आणि भीतीतही घुरघुरते, अगदी मरणासन्न अवस्थेतही घुरघुरते. तेव्हा घुरघुर हा पुरावा धरू नका. दारापाशी जाऊन बसणे हा मात्र खरा पुरावा आहे, कारण तिथे ती स्वतःहून उठून, चालत जाते.

आणखी एक. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कणभरही देऊ नये. मांजराच्या यकृतात ती पचवून बाहेर टाकण्याची क्षमता अत्यल्प असते आणि तिने मांजर अत्यंत हालाने मरते.

सांजवेळ:

परळकर काकांनी वैद्यकीय बाजू सांगितलीच आहे, मी घरातली बाजू सांगते. आमच्या बोक्याच्या वेळी आम्ही सर्वांनी मिळून तो धडधाकट असताना ज्या गोष्टी आवडीने करायचा त्या लिहून काढल्या: गॅलरीतल्या उन्हात लोळणे, स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवणे, कपाटावर चढून बसणे, रात्री माझ्या सासऱ्यांच्या पायाशी झोपणे आणि सुकटीचा वास आला की स्वयंपाकघरात धावत येणे. यांपैकी कोणत्या दोन उरेपर्यंत थांबायचे हे आम्ही डोके शांत असताना ठरवले. याचा फार उपयोग झाला, कारण प्रत्यक्ष वाईट दिवस येतो तेव्हा प्रत्येक जण आपापली आशा घेऊन बोलत असतो आणि कालचा एक घास आजच्या चार उलट्यांवर भारी पडतो.

अबोलीताई, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. चिंगी न्हाणीघराच्या फरशीवर जाऊन बसते असे तुम्ही लिहिले आहे. मांजर आपली नेहमीची जागा सोडून आडोशाला जाऊ लागले की त्याची नोंद ठेवा. कॅलेंडरवर रोज रात्री आईंच्या हातूनच चांगल्या दिवसाला टिक आणि वाईट दिवसाला फुली करून घ्या. त्यांना पटवून देण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा त्यांनी स्वतः पाहणे अधिक बरे, कारण सतरा वर्षे त्यांनीच तिला सांभाळले आहे आणि तिची नजर त्यांना जितकी कळते तितकी कोणालाच कळणार नाही.

कृष्णाकाठ:

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते आपण समजून घ्यावे. आमच्याकडे मांजर घरीच, आपल्या वेळेने गेले, आणि आम्ही ते डोळसपणे ठरवले होते. डॉक्टर रात्री-अपरात्री फोन घेत होते, वेदनाशामक व मळमळीची औषधे वेळेवर चालू होती आणि घरात चोवीस तास कोणी ना कोणी जागे होते. ती वृद्धत्वाने हळूहळू मंदावत गेली आणि तिला असह्य त्रास होत आहे असे डॉक्टरांनाही वाटले नाही. तेव्हा आजारी म्हातारे मांजर म्हटले की इंजेक्शन, हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे असे कृपया कोणी म्हणू नये. अबोलीताईंच्या आईंच्या म्हणण्यात आडमुठेपणा नाही. शेवटपर्यंत सोबत करण्याची तयारी त्यात आहे आणि ती तयारी सर्वांकडे नसते.

परळकर:

कृष्णाकाठ, आपण जे केले ते उत्तम होते, आणि त्याला उपशामक सेवा म्हणतात. मात्र आजार कोणता यावर सारे अवलंबून आहे. वृद्धत्वाने मंदावत जाणारे मांजर वेगळे आणि मूत्रपिंडे निकामी झालेले वेगळे. चौथ्या टप्प्याच्या अखेरीस रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे सतत मळमळ होते, तोंडात व्रण पडतात, अंग थंड पडते, काही मांजरांना झटके येतात, आणि हे काही तासांत न संपता कित्येक दिवस चालू शकते. याला नैसर्गिक मरण म्हणता येईल, पण शांत मरण म्हणता येणार नाही. म्हणून या आजारात मी घरच्यांना नेहमी सांगत आलो की एक दिवस उशीर होण्यापेक्षा एक आठवडा लवकर झालेले बरे. उशीर झाला की तो शेवटचा दिवस बहुधा रविवारच्या रात्री, डॉक्टर सापडत नसताना, धावपळीत येतो आणि मांजराचे अखेरचे तास रिक्षात व अनोळखी टेबलावर जातात.

मुक्तछंद:

अबोलीताईंच्या आईंसाठी एक प्रसंग सांगावासा वाटतो. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होते. त्याला कूस बदलणेही अशक्य झाले होते आणि उपचाराची आशा संपल्याचे सांगितले गेले होते. गांधीजींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याला मरण दिले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या माणसाने हे केले म्हणून देशभर, विशेषतः गुजरातेत, मोठा गदारोळ झाला आणि संतापाची पत्रे आली. गांधीजींनी 'नवजीवन'मधून आपली भूमिका उघडपणे मांडली. स्वार्थासाठी किंवा रागाने जीव घेणे ही हिंसा आहे, पण दुसरा कोणताही उपाय उरला नसताना केवळ त्या जिवाच्या यातना संपाव्यात म्हणून ते केले तर तो अहिंसेचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

नाथांच्या गोष्टीशी याचा विरोध आहे असे मला वाटत नाही. ते गाढव तहानेने व्याकूळ होते आणि पाण्याने वाचणार होते, म्हणून नाथांनी पाणी दिले. त्या जिवाला त्या क्षणी ज्याची गरज होती ते त्यांनी दिले, तेही काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले. चिंगीला आज पाणी पुरते आहे तोवर पाणीच द्यावे. ते पुरेनासे झाले तर काय द्यायचे, एवढाच प्रश्न आईंसमोर ठेवावा.

अबोली:

सर्वांचे मनापासून आभार. पुन्हा तपासणी करून घेतली. पोटॅशियम कमी आणि रक्तदाब वाढलेला निघाला, त्यामुळे दोन्हींची आणि मळमळीची औषधे सुरू केली आहेत. ती थोडी सावरली आहे, पण हे फार दिवसांचे नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

मुक्तछंद यांचे लिखाण आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही दोघींनी बसून तीन गोष्टी लिहिल्या: औषधे चालू असूनही सलग दोन दिवस काहीही न खाणे, मलमूत्राच्या ट्रेपर्यंत स्वतः चालत जाता न येणे, आणि आईने हाक मारल्यावर कान न हलवणे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट झाली तर डॉक्टरांना बोलवायचे. तिसरी गोष्ट आईने स्वतः सांगितली. ते घरीच, तिच्या मांडीवर व्हावे, एवढी तिची अट आहे. प्रत्यक्षात काय होते आणि आधी काय तयारी ठेवावी, हे परळकरांनी सांगितल्यास मी तिला नीट समजावू शकेन.

परळकर:

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी योग्य आहेत. पहिलीत थोडी भर घालतो: खाणे पूर्ण थांबले की दोन दिवस संपण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, म्हणजे त्यांनाही वेळ काढता येईल.

प्रक्रिया अशी असते. आधी कातडीखाली किंवा स्नायूत गुंगीचे इंजेक्शन देतात. काही मिनिटांत मांजर गाढ झोपते, आणि आईंनी निरोप घ्यायचा तो याच वेळात. त्यानंतर पायावरचे थोडे केस काढून शिरेतून पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोन यांसारखे भुलीचे औषध जास्त मात्रेत दिले जाते. त्याने आधी मेंदूचे, मग श्वासाचे आणि मग हृदयाचे काम थांबते. शरीर कोरडे पडलेल्या म्हाताऱ्या मांजरात शीर सापडणे कठीण असते. अशा वेळी ती पूर्ण बेशुद्ध असल्याची खात्री करून काही डॉक्टर औषध थेट मूत्रपिंडात देतात. ते पाहून आईंनी घाबरू नये, कारण चिंगीला त्यातले काही जाणवणार नाही. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते आणि लघवी होते, म्हणून मांडीवर जाड टॉवेल घ्या.

डॉक्टरांना दोन प्रश्न आधीच विचारा. ते घरी येतात का आणि त्यांच्याकडे कोणते औषध आहे? ही औषधे सर्वच दवाखान्यांत ठेवलेली नसतात. पोटॅशियम क्लोराईड किंवा मॅग्नेशियम सल्फेट वापरणार असतील, तर ते पूर्ण भुलीखालीच दिले जाईल याची खात्री करून घ्या. शुद्धीतल्या प्राण्याला ते देणे अत्यंत क्रूर आहे आणि तसे होणार असेल तर सरळ नकार देऊन दुसरे डॉक्टर शोधा.

अंत्यविधीचेही आत्ताच ठरवून ठेवा. मुंबईत राहत असाल तर महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे. अन्य शहरांत पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे चौकशी करावी. तिथे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात, तेव्हा डॉक्टर घरातून निघण्यापूर्वी ते लिहून घ्या.