मदत हवी आहे : पायथनने इग्नाइटमध्ये लिहिलेली नोंद जावाला सापडत नाही

नमस्कार.

आमच्या प्रकल्पात अपाची इग्नाइटचा, म्हणजे अनेक संगणकांवर (नोडवर) डेटा वाटून ठेवणाऱ्या डेटाबेसचा, क्लस्टर आहे. मुख्य सेवा जावात असून रात्रीची खाते-जुळवणी पायथनच्या थिन क्लायंटमार्फत, म्हणजे क्लस्टरचा भाग न होता त्याला बाहेरून जोडणाऱ्या हलक्या लायब्ररीमार्फत, 10800 या पोर्टवरून होते. कॅशची (नोंदींच्या साठ्याची) की, म्हणजे नोंद शोधण्याची खूण, ही साधी संख्या नसून शाखा क्रमांक आणि खाते क्रमांक या दोन फील्डचा ऑब्जेक्ट आहे. पायथनने लिहिलेली नोंद जावातून ‘गेट’ने मागितल्यास नल मिळते, मात्र सगळ्या नोंदी एकेक करून पाहणारी स्कॅन क्वेरी चालवल्यास तीच नोंद दिसते, आणि काही खात्यांच्या तर दोन-दोन नोंदी दिसतात. जमाखर्चाच्या डेटात असा दुबारपणा धोकादायक असल्याने सविस्तर लिहीत आहे.

इग्नाइट नोंद शोधताना आपण क्लासमध्ये लिहिलेले ‘इक्वल्स’ किंवा ‘हॅशकोड’ वापरत नाही. सीरियलाइझ झालेले (साठवण्यासाठी ऑब्जेक्टचे रूपांतर केलेले) बाइट हीच त्या कीची ओळख असते आणि हॅश, म्हणजे त्यावरून काढलेली संख्या, हीही बाइटवरूनच निघत असल्याने नोंद कोणत्या पार्टिशनमध्ये (डेटाच्या कोणत्या भागात) जाईल हेदेखील, वेगळे अ‍ॅफिनिटी फील्ड ठरवलेले नसल्यास, त्यावरच ठरते. म्हणून दोन्ही बाजूंचे बाइट शेजारी ठेवून पाहिले. सुरुवातीच्या 24 बाइटच्या हेडरमध्ये टाइप आयडीच (ऑब्जेक्टच्या प्रकाराचा क्रमांक) वेगळा होता, कारण तो टाइपच्या नावाच्या हॅशवरून निघतो. जावा पॅकेजसह पूर्ण नाव धरते, तर पायथनमध्ये नुसते क्लासचे नाव दिलेले होते. नाव जुळवताच सर्व्हरने फील्डचे प्रकार वेगळे असल्याची त्रुटी दाखवली. शाखा क्रमांक जावात ‘इंट’, म्हणजे टाइप कोड 3 आणि चार बाइट, तर पायथनच्या स्कीमात ‘लाँग’, म्हणजे कोड 4 आणि आठ बाइट, असा होता. तोही सारखा केला. कॉम्पॅक्ट फूटर, म्हणजे ऑब्जेक्टच्या शेवटी फील्डची स्थाने आटोपशीर लिहिण्याची सोय, दोन्हीकडे चालू आहे.

एवढे करूनही स्कीमा आयडी (फील्डच्या रचनेचा क्रमांक) जुळत नाही. तो फील्ड आयडी ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने एफएनव्ही या हॅश काढण्याच्या पद्धतीतून काढला जातो, त्यामुळे दोन्हीकडे फील्डचा क्रम वेगळा पडत असावा, असे माझे मत आहे.

जावाच्या क्लासमध्ये ‘बायनरीलायझेबल’ इंटरफेस वापरून फील्ड ठरावीक क्रमानेच लिहिली आणि पायथनच्या स्कीमात तोच क्रम ठेवला, तर बाइट कायम सारखे राहतील याची खात्री बाळगता येईल का? की अशा मिश्र वापरात ऑब्जेक्ट सोडून दोन्ही क्रमांक जोडलेली एकच स्ट्रिंग की म्हणून वापरणे अधिक सुरक्षित ठरेल? दुसऱ्या पर्यायात शाखेनुसार नोंदी एकाच नोडवर ठेवण्याची सोय, म्हणजे अ‍ॅफिनिटी, हातची जाईल आणि आमचे जॉइन त्यावरच अवलंबून आहेत, ही मोठी अडचण आहे.

शिवाय जुन्या टाइप आयडीखाली साठलेल्या नोंदी सेवा चालू ठेवून नव्या कीवर कशा हलवाव्यात, आणि हलवताना त्याच खात्यात जावाकडून नवी नोंद आली तर कोणती खरी मानावी, यावर कोणी प्रत्यक्ष काम केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे. दोन्ही बाजूंच्या एकेका कीचा हेक्स डंप (बाइटची अंकरूप यादी) हवा असल्यास येथे देता येईल.