पोलीस ‘सार्जंट’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

एका ब्रिटिश पोलीस मालिकेची मराठी उपशीर्षके करते आहे. मिळालेल्या शब्दसूचीत ‘सार्जंट = हवालदार’ अशी जोडी दिली आहे. पहिले दोन भाग त्यावर निभावले. तिसऱ्या भागात एक डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर संशयिताला पकडून कोठडीच्या टेबलापाशी आणतो. टेबलामागची सार्जंट त्याचं ऐकून घेते आणि शांतपणे सांगते, “हे कारण मला पुरेसं वाटत नाही. याला मी आत घेणार नाही.” इन्स्पेक्टर चरफडतो, पण तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

आता आपल्याकडे हवालदाराने पीआयला असं सुनावलं तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली गडचिरोलीला! प्रेक्षकांना हा विनोदी प्रसंग वाटेल. ‘फौजदार’ लिहू? ‘उपनिरीक्षक’? की ‘सार्जंट’च राहू देऊ? मुळात हा सार्जंट दिवसभर करतो तरी काय?

प्रतिसाद १

शब्दसूचीत चूक नाही. सार्जंटच्या बाहीवर तीन फिती, हवालदाराच्या बाहीवरही तीन फिती. भारतीय भूदलात सार्जंटच्या जागी हवालदारच आहे, आणि वायुदलात तर ‘सार्जंट’ हा शब्द तसाच वापरतात. एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा. विषय संपला.

प्रतिसाद २

फिती मोजून विषय संपत नाही, भाऊ. मी जिल्हा पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमची उतरंड अशी: शिपाई, नाईक, हवालदार, सहायक उपनिरीक्षक म्हणजे बोलीभाषेत सहायक फौजदार, आणि त्यावर उपनिरीक्षक म्हणजे फौजदार. नाईक हे पद २०२२ मध्ये शासनाने बंद केलं, आता शिपाई थेट हवालदार होतो. सहायक फौजदाराच्या खांद्यावर एक तारा, फौजदाराच्या दोन. फौजदार लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेटही येतो, त्यामुळे पंचवीस वर्षांचा फौजदार पन्नाशीच्या हवालदाराला काम सांगतो हे रोजचं चित्र. विलायतेत पोलिसात शिरणारा साधारणपणे कॉन्स्टेबल म्हणूनच शिरतो आणि परीक्षा देऊन सार्जंट होतो असं वाचलं आहे. तसं असेल तर त्याची घडण हवालदारासारखी आणि अधिकार फौजदारासारखे, असा तो प्राणी दिसतो.

आता कामाचं बघा. सार्जंट जे करतो म्हणतात, ते आमच्या ठाण्यात चार-पाच माणसांत वाटलेलं असतं. सकाळी कोण कुठल्या पॉइंटला, कोण समन्स-वॉरंटला, कोण आरोपी घेऊन कोर्टात, हे ठरवणारा हजेरी मास्तर. त्याच्याशी वाकडं घेतलं की तुमच्या वाट्याला सलग रात्रपाळी आलीच. दारात शिरल्यावर ज्याच्यासमोर तुम्ही तक्रार मांडता तो ठाणे अंमलदार. स्टेशन डायरी त्याच्या हातात, आरोपी आत-बाहेर झाल्याची नोंद त्याची. लॉकअपवर गार्ड वेगळा, त्या गार्डचा अंमलदार वेगळा. जप्त माल मुद्देमाल कारकुनाकडे. गावं किंवा वॉर्ड सांभाळतो तो बीट अंमलदार. ही माणसं बहुतेक हवालदार किंवा सहायक फौजदार असतात, पण ही पदं नव्हेत, नेमणुका आहेत. आज ठाणे अंमलदार असलेला हवालदार पुढच्या आठवड्यात बंदोबस्ताला उभा दिसेल.

कायद्यातली एक गोष्टही सांगून ठेवतो. ठाण्याचा प्रभारी अधिकारी हजर नसेल, तर शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा जो पुढचा अधिकारी तिथे असेल तो कायद्याने प्रभारी ठरतो. म्हणजे रात्री दोन वाजता एकट्या हवालदाराच्या अंगावर सगळं ठाणं असू शकतं. हवालदाराला कुणी हलकं समजू नये.

प्रतिसाद ३ (लंडनहून)

ताई, तुमच्या प्रसंगातली बाई साधी सार्जंट नाही, ती कोठडीची सार्जंट आहे. इंग्लंड आणि वेल्सपुरतं बोलायचं तर १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा तिच्या पाठीशी उभा आहे. ठरलेल्या ठाण्यांत कोठडी अधिकारी नेमावाच लागतो, तो किमान सार्जंट दर्जाचा हवा, आणि त्या गुन्ह्याच्या तपासाशी त्याचा संबंध नसावा.

अटक केलेल्या माणसाला घेऊन पोलीस आले की आधी तिच्यासमोर अटकेचं कारण सांगायचं. दोषारोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, नसेल तर पुरावा टिकवण्यासाठी, मिळवण्यासाठी किंवा विचारपूस करून काढण्यासाठी माणसाला अडकवून ठेवणं गरजेचं आहे का, हे ती ठरवते. नसेल तर सोडायचं. त्यानंतर वकील मिळण्याचा हक्क, घरी कळवण्याचा हक्क, औषधं चालू आहेत का, जिवाला अपाय करून घेण्याचा धोका आहे का, हे सगळं विचारून नोंदवायचं. दारू पिऊन आलेल्याला किमान दर अर्ध्या तासाने जाऊन हलवून जागं करून पाहावं लागतं, नुसतं दाराच्या फटीतून डोकावून चालत नाही. सगळ्याची वेळेसह नोंद. कोठडीत कुणी दगावलं तर पहिलं बोट त्या नोंदवहीकडे जातं.

इन्स्पेक्टर का चरफडतो, त्याचंही उत्तर त्याच कायद्यात आहे. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कोठडी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध हुकूम दिला, तर तिने तो मुकाट्याने पाळायचा नसतो. प्रकरण लगेच सुपरिटेंडेंटपुढे जातं. त्यामुळे शहाणा इन्स्पेक्टर वाद घालतो, पण हुकूम सोडत नाही. पुढे सहा तासांच्या आत पहिला फेरविचार आणि मग नऊ-नऊ तासांनी, तो मात्र तपासाबाहेरचा इन्स्पेक्टर करतो. दोषारोपाशिवाय ठेवण्याची साधारण मर्यादा २४ तास. गंभीर गुन्ह्यात सुपरिटेंडेंट ती ३६ पर्यंत नेऊ शकतो, त्यापुढे न्यायालयाची परवानगी, आणि सगळं मिळून ९६ तास.

आपल्याकडे २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचा नियम थेट संविधानात आहे, आणि अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलं. पण ठाण्याच्या आतच, तपास करणाऱ्यापासून वेगळा, “याला आत घेणार नाही” म्हणणारा माणूस आपल्या रचनेत नाही. म्हणून त्याला आयता मराठी शब्दही नाही. शब्दसूची करणाऱ्याचा फार दोष नाही.

कोठडीबाहेरचे सार्जंट बरेच जास्त. पाळी सुरू होताना कॉन्स्टेबलांना माहिती आणि कामं देणं, नवख्याच्या कागदपत्रांत लाल शाई मारणं, अवघड ठिकाणी स्वतः पोहोचून ‘पुढे काय’ ते ठरवणं. दंगलीच्या बंदोबस्ताला निघणाऱ्या तुकडीत एका इन्स्पेक्टरखाली तीन सार्जंट असतात आणि प्रत्येकाकडे कॉन्स्टेबलांचा एक गट. आणि हो, डिटेक्टिव्ह सार्जंट हा साध्या सार्जंटपेक्षा वरचा नसतो. दर्जा तोच, काम तपासाचं. उपशीर्षकांत ‘वरिष्ठ’ वगैरे लावू नका.

प्रतिसाद ४

वरच्या माहितीत थोडी जुनी भर. लंडनचे पोलीस २९ सप्टेंबर १८२९ रोजी प्रथम रस्त्यावर उतरले तेव्हा पदं चारच होती: सुपरिटेंडेंट, इन्स्पेक्टर, सार्जंट, कॉन्स्टेबल. योजना अशी की एका सार्जंटाच्या हाताखाली नऊ कॉन्स्टेबल. सार्जंट हे पहिल्यापासूनच ‘दुसऱ्यांच्या कामाला जबाबदार असलेलं सर्वांत खालचं पद’ आहे. वरचे आदेश काढतात, पण तो आदेश पावसात भिजत पाळला जातो की नाही ते सार्जंट बघतो.

आपल्या हवालदाराचा प्रवास नेमका उलटा. शिवकाळात पायदळात दहा जणांवर नाईक आणि पाच नाईकांवर हवालदार, म्हणजे पन्नास माणसांचा धनी. गडावर तर हवालदार, सरनौबत आणि सबनीस अशी तिघांची जोडणी असे आणि किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे असत. गड ज्याच्या हवाली तो हवालदार. पुढे कंपनी सरकारच्या पलटणीत तो तीन फितींवर आला, आणि आज रस्त्यावर कुठल्याही शिपायाला ‘ओ हवालदार’ म्हणून हाक मारतात. शिपाई खूश होतो, हवालदार नाराज!

गंमत म्हणजे लंडनच्या प्रतिसादात वर्णन केलेल्या बाईला मूळ अर्थाने ‘हवालदार’ हाच शब्द सर्वांत चपखल बसतो. आरोपी तिच्या हवाली असतो. पण शब्दाचा मूळ अर्थ आणि चालू अर्थ यांत प्रेक्षक चालू अर्थच ऐकतो, म्हणून माझंही मत: लिहू नका.

प्रतिसाद ५ (कोलकात्याहून)

इकडे या म्हणजे तुमची सगळी समीकरणं मोडतील. कोलकाता पोलिसांत ‘सार्जंट’ हे आजही जिवंत पद आहे आणि ते उपनिरीक्षकाच्या बरोबरीचं. भरतीही थेट होते, सब-इन्स्पेक्टरच्या जाहिरातीतच सार्जंटच्या जागा असतात. पांढरा गणवेश, लाल बुलेट, चौकात वाहतूक सांभाळणारा तरतरीत माणूस, हे इथल्या सार्जंटचं रूप. बंगाली माणूस ‘शार्जेंट’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोठडीचं टेबल येत नाही, हेल्मेट न घातल्याची पावती येते.

बापी सेन हे नाव इथे अजून लोकांना आठवतं. वाहतूक सार्जंट होते. २००२ सालच्या शेवटच्या रात्री एका तरुणीची छेड काढणाऱ्यांना अडवायला मधे पडले आणि मारहाणीत गेले. मारणारे पोलीस दलातलेच शिपाई निघाले आणि त्यांना शिक्षा झाली.

प्रतिसाद ६

मराठीत ‘सार्जंट’ हा शब्द अनोळखी नाही, एवढंच सांगायचं आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी चाळा, ‘गोरा सार्जंट’ पानोपानी भेटतो. मुंबईच्या पोलीस दलात ही जागा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांसाठी होती. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेले, त्या प्रसंगाच्या प्रचलित कथनातही हिंदी ड्रायव्हरने नकार दिल्यावर चाक हातात घेणारा गोराच आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला सार्जंट म्हणजे लाठी आणि बूट. त्या शब्दाला एक वास आहे. पण तो वास असलेले वाचक आता किती उरले? तरुण प्रेक्षकाला ‘सार्जंट’ म्हटलं की परदेशी मालिकाच आठवेल, आणि ताईंना तेच हवं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काकांचा प्रतिसाद तर जपून ठेवला आहे, ‘हजेरी मास्तर’ हा शब्द मला माहीतच नव्हता.

असं करते: पद म्हणून सगळीकडे ‘सार्जंट’. कोठडीच्या टेबलामागच्या बाईंसाठी पहिल्यांदा ‘कोठडी सार्जंट’, नंतर नुसतं ‘सार्जंट’. तिचं वाक्य: “अटकेचं कारण पुरेसं नाही. मी याला कोठडीत घेणार नाही.” कॉन्स्टेबल तिला ‘स्किप’ अशी हाक मारतो, तिथे काय करू? ‘मॅडम’?

प्रतिसाद ३ (लंडनहून)

‘मॅडम’ नको. इथे ‘सर’ आणि ‘मॅडम’ इन्स्पेक्टरपासून वर. लंडनच्या दलात सार्जंटला ‘स्किपर’ किंवा ‘स्किप’ म्हणतात, इतरत्र ‘सार्ज’. त्यात आदर आहे, पण अंतर नाही. मी असतो तर हाक ‘सार्ज’ ठेवली असती आणि बाकी क्रियापदांत ‘तुम्ही’ आणलं असतं. साहेबी आपोआप बाहेर राहते.

प्रतिसाद २

बरोबर. आमच्याकडेही ‘साहेब’ खऱ्या अर्थाने फौजदारापासून सुरू. हवालदाराला शिपाई साहेब म्हणाला तर समजावं, रजा हवी आहे.

प्रतिसाद १

ठीक, माघार. पण विभक्ती तरी नीट लावा. वर एकाने ‘सार्जंटच्या’ लिहिलं आहे, एकाने ‘सार्जंटाच्या’. एकच मालिका, दोन रूपं नकोत.

प्रतिसाद ४

पुरुष असेल तर ‘सार्जंटाने’, ‘सार्जंटाला’ हे मराठी वळण. पण तुमची सार्जंट बाई आहे, आणि तिला ‘सार्जंटाने’ जमत नाही. ‘डॉक्टरने’, ‘डॉक्टरला’ जसं दोघांना चालतं तसं ‘सार्जंटने’, ‘सार्जंटला’ ठेवा. अनेकवचनात मात्र ‘सार्जंटांनी’च.