अकरावीच्या मुलांना केमिस्ट्रीची गणितं सोडवायला कशी शिकवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी मीडियमची आहेत आणि फॉर्म्युले सगळ्यांना तोंडपाठ आहेत पण गणित जरा फिरवून विचारलं की गाडी अडते.

परवाचंच बघा, २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन दिलाय, अमोनिया किती बनेल? अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला हायड्रोजन आधी संपणार कारण तो १० ग्रॅमच आहे. आता मोल (म्हणजे वजनावरून कणांची संख्या मोजायचं एकक) काढले तर नायट्रोजन १ आणि हायड्रोजन ५, १ मोल नायट्रोजनला हायड्रोजनचे लागतात फक्त ३, म्हणजे आधी संपतो नायट्रोजन आणि अमोनिया येतो ३४ ग्रॅम. मोल काढता येतात हो त्यांना, पण ते काढायचे हे सुचतच नाही, आकडे दिसले की लगेच भागाकार गुणाकार सुरू! त्यात सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यामुळे क्लासवाले शॉर्टकट देतात आणि थांबून विचार करायची सवयच लागत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, मुलं हुशार आहेत.

सध्या मी आधी आकडे न देता नुसतं विचारते, काय दिलंय, काय हवंय, मधे काय लागेल, आणि जोडीजोडीने एकमेकांना बोलून दाखवायला लावते. थोडा फरक पडतोय पण ६० जणांच्या वर्गात सगळ्यांकडे पोचता येत नाही.

कोणी एवढ्या मोठ्या वर्गात हे केलंय का? पेपरात स्टेप्सना मार्क कसे देता, आणि टायट्रेशनच्या (थेंब थेंब द्रावण घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढायच्या) प्रॅक्टिकलला हे जोडता येईल का? प्लीज सविस्तर सांगा.