मदत हवी आहे: जुन्या चादरी-शर्टांच्या कापडचित्राला झोळ येतोय

जुन्या सुती चादरी, शर्ट आणि टेबलक्लॉथचे तुकडे वापरून भिंतीवर टांगायचं ९० बाय १२० सेंमीचं कापडचित्र करतेय. पायाला कोरा मांजरपाट आहे. टाचण्या लावल्या तेव्हा सगळं सपाट होतं. हाताने धावदोरा घातल्यावर मध्ये झोळ आला, कडा आत ओढल्या गेल्या. शर्टांचे काही तुकडे टाक्याजवळ विरतात. शिवाय लाल रंग पांढऱ्यात उतरण्याची धास्ती आहे. उसवायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
पायापासून. कोरा मांजरपाट धुतल्यावर आटतो, जुनी कापडं मात्र आटून चुकलेली असतात. त्यामुळे तो आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. चारी बाजूंनी ५ सेंमी जास्त ठेवा, कारण हातशिलाईने कडा थोड्या आत येणारच. शेवटी कापून मापात आणता येतात.

टाचण्यांवर भागत नाही. मधोमध सुरू करून कडांकडे जात दर ८-१० सेंमीवर कच्चे टाके घाला. कडेकडून आत आलात तर जास्तीचं कापड मध्ये साठतं आणि तिथेच झोळ धरतो. धावदोऱ्याचे चार-पाच टाके झाले की शिवण बोटांनी सपाट करा, मगच पुढे जा.

तुकड्यांचा उभा धागाही (कापडाच्या काठाला समांतर जाणारा) पायाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवा. काठ नसला तर दोन्ही दिशांनी ओढून पाहा, कमी ताणतो तो उभा. तिरके कापलेले तुकडे टांगल्यावर लोंबतात.

प्रतिसाद २
विरणारे तुकडे उजेडासमोर धरा. जिथे धागे सुटे दिसतात तो भाग सरळ काढून टाका. नक्षीसाठी हवाच असेल तर पाठीला धुतलेली मलमल जोडा. फ्युजिंगही (इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) चालतं, पण हाताच्या सुईला ते अडतं, म्हणून मला मलमलच बरी वाटते. कडा ६ मिमी आत दुमडा.

लाल कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि इस्त्री दाबा. डाग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही उतरत राहिला तर ते कापड या कामात नको.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार! मांजरपाट न धुताच घेतला होता. टांगायला वरच्या कडेला लूप पुरतील ना?

प्रतिसाद १
नाही, लूपांच्या मधली कड खाली झुकते. दांडी ओवायला पाठीला वरच्या कडेजवळ सलग १० सेंमी रुंद कापडी नळी शिवा, नळीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा, टाके फक्त पायाच्या कापडातून घेऊन. दोन्ही टोकांना २ सेंमी जागा सोडा, म्हणजे दांडी पुढून दिसत नाही.