सीपॅप आणि कॅल्शियम स्कोअर

सीपॅप (झोपेत श्वास अडखळणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सुरू करूनही कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा सीटीवरून काढलेला आकडा, उतरला नाही, असं एकाने विचारलंय. तो उतरत नसतोच. धमनीत एकदा साठलेलं कॅल्शियम मशीनने विरघळत नाही, आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) चालू असेल तर आकडा उलट थोडा चढतो, कारण धमनीतले चरबीचे मऊ थर घट्ट होतात. त्यामुळे दर सहा महिन्यांनी सीटी काढण्यात अर्थ नाही.

बघायचं ते सकाळचं बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कंबरेचा घेर आणि मशीन रोज किती तास वापरलं ते. २०१६ च्या 'सेव्ह' चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके घटले नाहीत खरे, पण वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता! श्वास जास्त अडखळतो पहाटेच्या आरईएम (स्वप्नांच्या) झोपेत. नेमका तेव्हाच मास्क उशाशी पडलेला असतो. तोंड उघडं राहून हवा गळत असेल तर आधी नाक मोकळं करा, नाहीतर नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल-फेस मास्क घ्या.