मदत हवी आहे: पोटातल्या चरबीत फायब्रोसिस झालंय म्हणे, मग वजन उतरणारच नाही का?

निफाडची_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न थोरल्या भावाचा आहे. वय 47, सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, वजन कित्येक वर्षं शंभरीच्या पुढे. मागच्या वर्षी इथेच नाशिकमध्ये पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नंतर सर्जन बोलता बोलता म्हणाले, "आतली चरबी मऊ राहिली नाही, तंतुमय झालीये, फायब्रोसिस आहे." एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे गेले.

पुढे दादाने मनावर घेतलं. जेवण आवरलं, गोदा पार्कला चालायला जायला लागला. वजन 108 वरून 99 वर आलं आणि तिथेच अडकलं. आता चालणं बंद. म्हणतो, "चरबीला व्रण पडलेत, डॉक्टरच म्हणाले. ती आता हलायची नाही." रविवारची मिसळ तर्रीसकट पुन्हा सुरू, आणि वहिनीने तोंड उघडलं की हाच दाखला.

चरबीला खरंच व्रण पडतो का? जखम तर कुठे झाली नव्हती. अलीकडच्या फायब्रोस्कॅनच्या रिपोर्टवर 6.1 केपीए लिहिलंय, तो आकडा याचाच का? आणि हे मागे फिरतं का? शुगर 'बॉर्डरवर' आहे. वजन कमी करा एवढाच सल्ला कृपया नको, तो नातेवाईक फुकट देतात.

स्लाइडवाली
ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, रोज ऊतींच्या काचा बघते. व्रण पडतो. त्याला बाहेरून जखम लागत नाही.

चरबीची पेशी तेल साठवत साठवत फुगते. रक्तवाहिनीपासून प्राणवायू साधारण 100 मायक्रॉनपर्यंतच झिरपतो, आणि फुगलेली पेशी तेवढी किंवा त्याहून मोठी होऊ शकते. मग आत प्राणवायूची टंचाई होते (लठ्ठ उंदरांत हे स्पष्ट दिसलंय, माणसांत किती होतं यावर अजून वाद आहे). टंचाई झाली की एचआयएफ-1 नावाचं प्रथिन जागं होतं. एरवी ते नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतं, पण या उंदरांच्या चरबीत त्याने मुख्यतः कोलाजेन (तंतूंचं प्रथिन) तयार करणारी आणि ते घट्ट बांधणारी जनुकं चालू केली. दुसरीकडे काही पेशी मरतात. त्यांचा गाळ उपसायला मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. काचेवर ते मुकुटासारखं दिसतं, म्हणून त्याला नावही तसंच पडलंय. त्यांच्याकडून सुटणारे संदेश, त्यात टीजीएफ-बीटा महत्त्वाचा, शेजारच्या मूळ पेशींना बिघडवतात. ज्यांनी नवी चरबीपेशी व्हायचं, त्या तंतू विणत बसतात.

खरी अडचण त्यापुढे आहे. कांद्याची जाळीची गोणी बघा. जाळी ताणली जाईना झाली की वरून टाकलेला कांदा बाहेरच पडणार. चरबी ताठ झाली की जास्तीचं तेल यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जातं, आणि इन्सुलिनचं काम तिथे बिघडतं. दादांची शुगर बॉर्डरवर येण्यात याचा वाटा असू शकतो.

2009 मध्ये अमेरिकेत फिलिप शेरर यांच्या गटाने लठ्ठ उंदरांतून कोलाजेन-6 हा कोलाजेनचा एक प्रकार काढून टाकला. त्यांच्या चरबीपेशी आणखी मोठ्या झाल्या, तरी शुगर सुधारली! मला हा प्रयोग फार आवडतो. चरबी किती आहे यापेक्षा तिला ताणायला जागा आहे का, हे तो दाखवतो.

पंचवटी_फिटनेस
गरम पाण्याची पिशवी आणि व्हायब्रेटर बेल्ट लावा. गाठी फुटतात, चरबी सैल होते. माझ्याकडे मिळेल, व्यनि करा.

स्लाइडवाली
कोलाजेनचे तंतू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. बेल्टने हलवून ते सुटत नाहीत. ताई, पैसे वाचवा.

निफाडची_लेक
बेल्ट घरात आधीच आहे, त्यावर कपडे वाळतात. म्हणजे दादा म्हणतो ते खरं? आणि 6.1 चं काय?

मखमलाबादचा_फिजिशियन
6.1 हा यकृताचा ताठरपणा आहे, पोटातल्या चरबीचा नाही. 8 च्या खाली असला तर यकृतात पुढच्या टप्प्यातला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी धरतात. चरबीतला फायब्रोसिस खात्रीने बघायचा तर तुकडा काढूनच, आणि त्यासाठी कुणी तुकडा काढायला सांगत नाही. नेहमीच्या तपासणीत तो येतच नाही.

दादांच्या बोलण्याला थोडा आधार आहे, तेवढा मान्य करू. पॅरिसच्या कारीन क्लेमाँ यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं की त्वचेखालच्या चरबीत फायब्रोसिस जास्त असलेल्यांची चरबी वजन घटवण्यासाठीच्या जठराच्या बायपास सर्जरीनंतर तुलनेने कमी उतरली. 'कमी' उतरली, उतरलीच नाही असं नव्हे. वजन उतरल्यावर चरबीतले मॅक्रोफेज कमी होतात. कोलाजेन मात्र त्या वेगाने जात नाही, आणि फक्त त्यासाठी मान्य झालेलं औषध आज नाही.

वजन एका जागी अडकण्याचं नेहमीचं कारण साधं असतं. शरीर हलकं झालं की खर्च कमी होतो आणि भूक वाढते. त्यासाठी व्रण लागत नाही.

आता हिशोब करा. 108 वरून 99 म्हणजे 8 टक्क्यांहून थोडं जास्त. फॅटी लिव्हरमधली सूज उतरायला आम्ही 7 ते 10 टक्के सांगतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी चालायचं होतं, ती दादांनी बऱ्यापैकी साधली आहे आणि तेच सोडून बसलेत. आतली चरबी ताठ झाली असेल तर वाढलेल्या किलोला तिथे जागा कमी, तो यकृताकडे वळायची भीती जास्त. त्यामुळे "व्रण आहे म्हणून खातो" हा युक्तिवाद बरोबर उलटा आहे.

वजनकाटा थोडे दिवस कपाटात ठेवा. कंबर मोजा, आपल्याकडे पुरुषांना मर्यादा 90 सेंमी. एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) करा, 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. शिफ्टमुळे झोप मोडत असेल, घोरणं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

सिडकोकर
एक शंका. आमच्या घरात सगळे काटकुळे, तरी दोघांना शुगर. मग ही गोणी आमच्याकडे कुठे भरली?

स्लाइडवाली
काहींची गोणीच लहान असते, लवकर भरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच मांडलंय: आपल्याकडे बीएमआय कमी दिसला तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. काटकुळ्यांनीही टेप लावावी.

निफाडची_लेक
दोघांचे आभार. 8 टक्क्यांचा हिशोब दादाला वाचून दाखवला. "हे त्या सर्जनने का नाही सांगितलं" म्हणून माझ्यावरच चिडला, पण टेप स्वतः आणली. कंबर 107 सेंमी. शनिवारी एचबीए1सी करतोय. त्याला उपाशी जावं लागतं का? रात्रपाळी करून थेट लॅबला जाणार आहे.

मखमलाबादचा_फिजिशियन
एचबीए1सीला उपाशी राहायची गरज नाही. उपाशीपोटीची शुगरही सांगितली असेल तर आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. मग पाळीतल्या चहाचं मात्र आधीच ठरवा.